अण्णांचा पाय हलला म्हणालास, त्याबद्दल

खानापूर
रविवार

प्रिय मित्रा,

वहिनींनी पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघितला. अंगावरची वाकळ ओढल्याबरोबर उजवा गुडघा पोटाकडं आला, बोटं फाकली आणि पाऊल थोडा वेळ थडथडत राहिलं. तेव्हा अण्णा टीव्ही बघत होते. पाय हलला हे त्यांना वहिनी ओरडल्यावर कळलं. अण्णांचे लुळे पाय सुधारायला लागले म्हणून फोनवर तू इतका खुशीत होतास की मला पुढं बोलवेना, म्हणून लिहितोय.

तो पाय अण्णांनी हलवलेला नाही. पण मेलेलाही नाही गा. फणसावरून पडले तेव्हा मार बसला छातीच्या मणक्याला. पाय चालवणाऱ्या पेशी असतात त्याच्या खाली, कमरेकडं जाणाऱ्या मज्जारज्जूत. माराच्या धक्क्यानं तो भाग काही आठवडे गप्प पडतो, मग जागा होतो. पण आता वरून मेंदूचा आवर नाही, त्यामुळं गार हात लागला तरी पाय उसळतो.

या खालच्या भागाला स्वतःची अक्कल आहे हे थॉमस ग्रॅहम ब्राउन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1911 सालीच दाखवलं होतं. त्यानं मांजराचा मज्जारज्जू वरून तोडला, पायाकडून खबर आणणाऱ्या नसाही तोडल्या, तरी पाय वाकवणारे आणि ताठ करणारे स्नायू आळीपाळीनं आखडत राहिले. (मांजराची दया येते, पण त्या काळचं शास्त्र असंच होतं.) उखळात दोघी बायका पाळीनं मुसळ घालतात तसं चालतं हे. पेशींचा एक गट कामाला लागला की दुसऱ्याला दाबून ठेवतो, तो थकला की दुसरा उठतो. मेंदूनं चाल, थांब, वळ एवढं सांगितलं तरी भागतं.

हे दाबून ठेवणं किती मोलाचं आहे ते जांबोटीच्या रानातला काजरा, म्हणजे कुचल्याचं झाड, सांगेल. त्याच्या बीतलं स्ट्रिक्नीन हे विष नेमकं तेच बंद पाडतं. मग उलटसुलट ओढणारे स्नायू एकदमच आखडतात आणि अंग कमानीसारखं ताठतं. धनुर्वाताचं विषही मज्जारज्जूत जाऊन तेच करतं.

आता तुझा खरा प्रश्न, अण्णा पुन्हा चालतील का. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रेगवार कुर्तीन हा मेंदूशास्त्रज्ञ आणि जोसलीन ब्लॉक ही सर्जन कमरेच्या मज्जारज्जूवर विजेची पट्टी बसवतात. 2022 मध्ये त्यांनी पाय लुळे पडलेल्या नऊ जणांचा अनुभव छापला. वीज आणि सराव दोन्ही मिळून नऊही जणांच्या चालण्यात सुधारणा झाली. माझं लक्ष त्याच लेखातल्या उंदरांवरच्या भागानं वेधलं. मज्जारज्जूत एका जातीच्या पेशी सापडल्या, व्हीएसएक्स-2 या जनुकाच्या खुणेच्या. धडधाकट उंदरात त्या गप्प केल्या तरी चालण्यात काही फरक नाही. पण जखमेनंतर पुन्हा चालायला लागलेल्या उंदरात गप्प केल्या तर चालणं गेलं! एरवी चालायला ज्यांच्यावाचून अडत नाही, त्याच पेशी जखमेनंतर कामाला येतात. मला यात मोठी आशा वाटते. पण ही पट्टी अजून संशोधनातलीच आहे, आपल्याकडं अण्णांना उद्या बसवता येईल अशी नाही.

आणि म्हणूनच तू म्हणतोस ते स्टेमसेलचं, म्हणजे मूळपेशींचं, इंजेक्शन नको. त्यासाठी मलप्रभेकाठचं शेत विकायला काढायचं म्हणालास, ते ऐकून रात्रभर झोप लागली नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचना बघ. त्यांत रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेमसेल उपचार म्हणून विकायला मान्यता दिलेली नाही, मग जाहिरातीत कितीही माणसं चालताना दाखवू देत.

त्यापेक्षा डॉक्टरांना विचार, मज्जारज्जूची इजा पूर्ण आहे की अपूर्ण. गुदद्वाराजवळची संवेदना तपासल्याशिवाय ते ठरत नाही, तेव्हा लाजू नकोस. टीव्ही बंद करून अण्णांना अंगठा हलवायला सांग, पायाला हात न लावता. सांगितल्यावर हलला, तर मला अर्ध्या रात्री फोन कर.

वहिनींना एक सांग. झटके अचानक वाढले तर पाय सुधारला म्हणून पेढे वाटू नका. आधी लघवीची नळी तुंबली आहे का, पाठीला जखम झाली आहे का, लघवीत संसर्ग आहे का ते बघा. खालची दुखणी अण्णांना जाणवत नाहीत, ती अशी पायातून बाहेर येतात. झटके कमी करायची बॅक्लोफेनची गोळी चालू असेल तर मनानं बंद करायची नाही, एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

गणपतीला येशील तेव्हा एमआरआयची फाईल घेऊन ये, नुसते फोटो नकोत. कॉलेजला सुट्टी असेल, सावकाश बसू. काकूंना नमस्कार.

तुझा,
मास्तर