एकच नट, पण सोपा नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिंगणा रोडवर माझं टायरचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. मागच्या महिन्यात समृद्धीवर पंक्चर झालेली एक पोर्शे ९११ जीटी३ टोइंगच्या गाडीवर लादून दारात आली. मालक घाईत. "एकच तर नट आहे दादा, गन लावा, पाच मिनिटांचं काम." मी नाही म्हटलं. जमलेली पोरं हसली. "काका घाबरले. रेसमध्ये तर गनच लावतात."

घाबरलोच. साध्या गाडीच्या चाकाला चार-पाच नट असतात. एखादा सैल राहिला तर बाकीचे सांभाळून घेतात. इथे अख्खं चाक एका नटावर. साधा नट शंभर-सव्वाशे न्यूटन मीटरला आवळतात, हा ६०० ला. मीटरभर लांब पान्याच्या टोकाला ६१ किलोचा माणूस लटकवा, तेवढा जोर. माझं वजन ५८. आमची गन नट फिरवते, पण किती आवळला ते सांगत नाही. आणि रेसमधलं चाक तासाभरात पुन्हा निघतं. हे चाक मुंबईपर्यंत सातशेवर किलोमीटर जाणार होतं.

काम शेवटी मीच केलं, पण संध्याकाळी. उमरेडकडे कोळसा खाणीत डंपर दुरुस्त करणाऱ्या साडूकडून पाऊण इंची टॉर्क पाना मागवला, किती आवळला ते दाखवणारा. त्या नटावर बसणारं खास सॉकेट मात्र मालकाच्याच पुढच्या डिकीत निघालं. त्याला पत्ताच नव्हता!

चाक फिरू नये म्हणून त्यालाच ब्रेक दाबून बसवलं. नट निघाला तर आटे कोरडे ठणठणीत. आधी कुणीतरी तसाच ठोकून बसवलेला. कोरड्या आट्यांवर पाना ६०० दाखवतो, पण बराचसा जोर घासण्यातच जातो, चाक हवं तेवढं दाबलं जात नाही. ॲल्युमिनियम पेस्ट लावली. ६०० ला आवळला, पाव फेरा सैल केला, पुन्हा ६०० ला आवळला. पहिल्या खेपेला चाक आपली जागा धरतं, दुसऱ्या खेपेचं आवळणं खरं. सॉकेट काढल्यावर नटाच्या मधलं, नट सुटू न देणारं लॉक बाहेर उसळायला पाहिजे. उसळलं नाही. आणखी जरासा आवळला, तेव्हा टक् झालं. ते लॉक न बघता गाडी सोडणाऱ्याने हा धंदाच करू नये.

पंक्चर वीस मिनिटांत झालं. नटाला दीड तास लागला.

अशा गाडीत स्टेपनी नसते, तेव्हा मालकांनी निदान सॉकेट कुठे आहे ते घरून निघतानाच बघावं. आणि दुकानदार भावांनो, पाना नसेल तर गाडीला हात लावू नका, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

साडूचा पाना अजून माझ्याकडेच आहे. हसणाऱ्या पोरांनी येऊन एकदा त्याला लटकून बघावं. चहा माझ्याकडून.

आपला,
एक टायरवाला, हिंगणा रोड, नागपूर