बैलगाडीचा फोटो आहे, फाईल कुठे आहे?

प्रति,
मा. राज्यमंत्री,
अंतराळ विभाग, भारत सरकार

महोदय,

सादर नमस्कार.

बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचा फोटो आपण पाहिला असेलच. 'ॲपल' नावाचा तो उपग्रह १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून युरोपच्या एरियान रॉकेटवर बसून गेला. त्याआधी तो बैलगाडीवर चढला, कुणीतरी फोटो काढला, आणि आता आपलं एखादं यान उडालं की तो फोटो फोनवर हमखास येतो. खालची ओळही ठरलेली: पैसा नव्हता, साधनं नव्हती, बैलगाडीतून उपग्रह नेला, तरी जिंकलो.

ती ओळ चुकीची आहे. गाडी मुद्दाम आणली होती. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती आणि खाली धातूचं वाहन असतं तर मोजमापं बिघडली असती. लाकडी गाडीने तो प्रश्न सोडवला. म्हणजे ज्या चित्राकडे बघून आपण हळहळतो, ते खरं तर एका हुशार अभियंत्याच्या डोक्यातून निघालेल्या उपायाचं चित्र आहे. २०१४ साली मंगळयान पोचल्यावर न्यूयॉर्क टाइम्सने गाय घेऊन श्रीमंतांच्या क्लबचं दार ठोठावणारा शेतकरी काढला आणि आपण सगळे चिडलो. वृत्तपत्राला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्या व्यंगचित्रामागे हाच फोटो होता असं मी म्हणणार नाही. पण स्वतःच्या फोटोखाली चुकीची ओळ आपणच इतकी वर्षं लिहीत आलो, हे तर खरं ना?

हे पत्र त्यासाठीच लिहितो आहे. आपण फोटो जपले. फोटोमागचं कारण ज्या कागदावर लिहिलेलं असतं, तो कागद लोकांसमोर आला नाही.

दुसरं उदाहरण याहून मोठं आहे. १० ऑगस्ट १९७९ला श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ हे आपलं उपग्रह नेणारं पहिलं रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि बंगालच्या उपसागरात पडलं. पत्रकारांसमोर इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले, अपयश अंगावर घेतलं. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८०ला, ३५ किलोचा 'रोहिणी' उपग्रह कक्षेत पोचल्यावर त्यांनी प्रकल्पप्रमुख कलामांना पुढे केलं. ही गोष्ट शाळेच्या गॅदरिंगपासून कंपन्यांच्या व्याख्यानांपर्यंत सगळीकडे सांगितली जाते, आणि ती सांगावीच. पण यान पडलं कशामुळे, हे विचारून बघा. दहांतल्या नऊ जणांना सांगता येणार नाही.

पडलं ते एका झडपेमुळे. दुसऱ्या टप्प्याला दिशा देणाऱ्या यंत्रणेत इंधन जाळणारा ऑक्सिडायझर म्हणून नायट्रिक आम्ल वापरलेलं होतं. उड्डाणाला ८ मिनिटं उरलेली असताना ऑक्सिडायझरच्या टाकीवरच्या झडपेला पहिली आज्ञा गेली. झडप उघडली, तिच्यात कचरा अडकला आणि ती बंद झालीच नाही. आम्ल झिरपून गेलं. पुढे आकाशात वळायची वेळ आली तेव्हा नुसतं इंधन फवारलं गेलं, जोर शून्य. चार टप्प्यांचं, १७ टनांचं यान एका कणापायी गेलं.

हे आपल्याला कळतं, कारण कलामांनी आत्मचरित्रात ते लिहून ठेवलं. त्यांनी लिहिलं नसतं तर? मूळ विश्लेषण-अहवालाला आता पंचेचाळीस वर्षं उलटून गेली. त्यात झडपेचं चित्र असेल, टेलिमेट्रीचे, म्हणजे यानाने रेडिओवरून पाठवलेल्या मोजमापांचे, आलेख असतील, कुणी काय शंका काढली आणि ती कशी खोडली गेली ते असेल. धवनांचा मोठेपणा मला त्या पत्रकार परिषदेइतकाच, किंबहुना जास्त, त्या अहवालाच्या पानांत दिसेल असं वाटतं. व्याख्यानातली गोष्ट ऐकून मुलगा भारावतो. झडपेची गोष्ट वाचून तो अभियंता होतो.

एसएलव्ही-३नंतरच्या एएसएलव्ही रॉकेटचं तर आपण नावही काढत नाही. २४ मार्च १९८७ला बाजूचे बूस्टर जळून संपले तरी मधली मोटर पेटलीच नाही. १३ जुलै १९८८ला पेटली, पण बूस्टर विझण्याच्या आणि मोटर जोर धरण्याच्या मधल्या क्षणात यान सावरलं नाही आणि मोडलं. लागोपाठ दोन. मग मे १९९२पर्यंत थांबून, बूस्टरचा जोर ओसरतोय हे यानाने उडता उडताच ओळखून मोटर पेटवायची अशी रचना करण्यात आली. पुढे पीएसएलव्हीने जे नाव कमावलं त्याची पायाभरणी या फजितीच्या वर्षांत झाली, असं माझं ठाम मत आहे. पण संग्रहालयात एएसएलव्ही दिसतं ते रांगेतल्या एका ठेंगण्या प्रतिकृतीच्या रूपात. खाली उंची, वजन, टप्पे.

अपयशाचं कारण लोकांना सांगणं आपल्या खात्याला जमत नाही असं नाही. १२ ऑगस्ट २०२१ला जीएसएलव्ही-एफ१० रॉकेट अपयशी ठरलं, तेव्हा हायड्रोजनच्या टाकीवरच्या झडपेतली गळती आणि त्यामुळे टाकीत न साठलेला दाब हे कारण इस्रोने स्वतः जाहीर केलं. (पुन्हा झडपच. रॉकेटच्या इतिहासात खलनायक फार मोठा नसतो.) त्याने ना देशाची अब्रू गेली, ना सुरक्षेला धोका पोचला. बंगळुरूजवळच्या ब्यालालूच्या केंद्रातून चांद्रयानाची वैज्ञानिक माहिती जगभरच्या अभ्यासकांना मिळते. चंद्राची माती खुली आणि १९७९ची फाईल बंद, हे कोडं मला सुटत नाही.

आता कायद्याचं. १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार प्रत्येक कार्यालयात अभिलेख अधिकारी नेमायचा असतो, आणि २५ वर्षांहून जुन्या कागदांपैकी कायम ठेवण्याजोगे कोणते हे राष्ट्रीय अभिलेखागाराशी बोलून ठरवायचं असतं. त्याच कायद्यात निंदणीही आहे, म्हणजे नको असलेले कागद काढून टाकणं. सरकारी कचेरीत वावरलेल्या कुणालाही निंदणीकरणाचा अर्थ वेगळा सांगायला नको: रुमालात बांधलेले गठ्ठे सोडायचे, 'ड' वर्गाचे कागद बाजूला काढायचे, आणि एका दुपारी ते नाहीसे व्हायचे. शेतात निंदणी करणारा तण ओळखतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या चाचणीची टिपणवही तण की पीक, हे बाकीच्या फायलींसोबत तिचाही निकाल लावणाऱ्या कारकुनाने कसं ओळखायचं?

हे भय कल्पनेतलं नाही. चंद्रावर पहिलं पाऊल पडलं त्याच्या मूळ टेलिमेट्री-फिती नासाने शोधल्या तेव्हा त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असाच निष्कर्ष २००९मध्ये निघाला. आणि ही ती संस्था, जिच्या १९५८च्या स्थापनेच्या कायद्यातच माहितीचा शक्य तितका प्रसार करण्याचं बंधन आहे! चंद्राभोवती फिरून फोटो काढणाऱ्या १९६६-६७च्या लूनर ऑर्बिटर यानांच्या फिती वाचल्या त्या एका अभिलेखपाल बाईंच्या हट्टामुळे. त्या फिती वाचणारी जुनी, कपाटाएवढी यंत्रंही त्यांनी सांभाळली. २००८मध्ये एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्डच्या दुकानात ती यंत्रं दुरुस्त करून चंद्राच्या कडेवर उगवणाऱ्या पृथ्वीचं १९६६चं चित्र पुन्हा काढलं गेलं, पूर्वी कधी दिसलं नव्हतं इतकं लख्ख.

सोव्हिएत बाजू आणखी वाईट. तिथल्या रॉकेटांचा मुख्य अभियंता कोरोल्योव्ह याचं नाव जगाला कळलं ते १९६६मध्ये तो गेल्यावर. २४ ऑक्टोबर १९६०ला बायकोनूरच्या तळावर क्षेपणास्त्र पेटून माणसं जळाली, ती गोष्ट १९८९पर्यंत दडपलेली होती. चंद्रासाठी बांधलेल्या एन-१ रॉकेटचे तुकडे शेडवरचे पत्रे म्हणून वापरले गेले. अंतराळात जाऊन आलेलं एकमेव बुरान अवकाशविमान २००२मध्ये हँगरचं छप्पर कोसळून चिरडलं गेलं, आणि त्यात कामगारही दगावले.

कागद जपला तरी पुरत नाही, हे सांगायला माणसांना चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचं एफ-१ इंजिन आहे. 'आराखडे हरवले' ही अफवा, आराखडे आहेत. पण २०१२-१३मध्ये नासाच्या तरुण अभियंत्यांना जुनं इंजिन खोलून मोजावं लागलं. प्रत्येक इंजिन हाताने जोडलेलं, वेल्डरने जागेवर केलेल्या सुधारणा आराखड्यात उतरल्याच नव्हत्या. ज्ञान माणसांच्या बोटांत होतं आणि माणसं उरली नव्हती.

आपली माणसंही चालली आहेत, साहेब. केरळातल्या थुंब्याची जागा रॉकेट-तळासाठी पाहायला साराभाईंबरोबर गेलेले एकनाथ चिटणीस शंभरी गाठून २०२५मध्ये गेले. घन इंधनाचं काम उभं करणारे वसंत गोवारीकर २०१५मध्ये. ही निदान नावाजलेली माणसं, त्यांच्या मुलाखती कुठे ना कुठे आहेत. पण २१ नोव्हेंबर १९६३च्या संध्याकाळी थुंब्याहून नायके-अपाचे रॉकेट उडालं आणि आकाशात सोडियमचा नारिंगी ढग उमटला, तेव्हा तिथल्या वर्कशॉपमध्ये लेथवर कोण उभं होतं? गाव सोडून देणाऱ्या मच्छीमारांनी त्या ढगाकडे बघून काय म्हटलं? श्रीहरिकोटा बेटावरच्या यानादी आदिवासींना जागा सोडताना काय सांगण्यात आलं? हेही रॉकेटच्याच इतिहासात मोडतं. ते मल्याळममध्ये, तेलुगूत, तमिळमध्ये, मराठीत बोललं जाईल. इंग्रजी प्रश्नावली घेऊन गेलात तर मिळणार नाही.

आक्षेप ठाऊक आहे: रॉकेट आणि क्षेपणास्त्र यांच्यात भिंत पातळ आहे. खरंच पातळ आहे. २२ मे १९८९ला चांदीपूरहून उडालेल्या पहिल्या 'अग्नी'चा खालचा टप्पा एसएलव्ही-३च्याच मोटरवर बेतलेला होता. इंधनाचं मिश्रण, मार्गदर्शनाची गणितं, आवरणाची कृती कुणी मागत नाही आणि मीही मागत नाही. डीआरडीओला माहिती अधिकारातून सूट आहे, तो वाद इथे नको. इस्रोला मात्र तशी सरसकट सूट नाही, आणि २० वर्षांपूर्वीच्या घटनांबाबत माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) बरीच दारं उघडतं. अहवालातल्या चार परिच्छेदांवर काळी शाई फिरवा आणि उरलेली पानं द्या. कोणी, कधी, काय ठरवलं आणि का ठरवलं, एवढ्यावरून कुणाला अस्त्र बनवता येत नाही.

एक विसंगती तेवढी सांगतो. 'ॲपल'ला घेऊन जाणाऱ्या एरियानचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर युरोपीय अंतराळ संस्थेचे जुने कागद फ्लॉरेन्सच्या अभिलेखागारात रीतसर लावून ठेवलेले आहेत. म्हणजे रॉकेटची बाजू इटलीत वाचायला मिळेल. उपग्रहाची बाजू, एक सौरपंख उघडला नाही तरी सव्वादोन वर्षं उपग्रह कसा चालवला याची, ती आपली बाजू कुठे जाऊन वाचायची?

माझी मागणी नवीन संग्रहालयाची नाही. इमारती लवकर होतात, फीतही कापली जाते. मला हवंय ते कंटाळवाणं काम: २००० सालापूर्वीच्या कुठल्याही तांत्रिक कागदाची निंदणी आजपासून थांबवणारं एक पानी परिपत्रक. प्रत्येक केंद्रात असलेल्या जुन्या फिती, फिल्म आणि यंत्रभाग यांची यादी, आणि त्या फिती वाचणारं यंत्र चालू आहे की नाही याचा त्याच यादीत रकाना. निवृत्त तंत्रज्ञांकडे त्यांची भाषा बोलणारा माणूस रेकॉर्डर घेऊन पाठवणं. अभियंते नव्हे, तंत्रज्ञ. अभियंते स्वतःहून लिहितात.

आणि सुरुवात म्हणून एकच फाईल. २३ ऑगस्टला आपण राष्ट्रीय अंतराळ दिन साजरा करतो. येत्या २३ ऑगस्टला भाषणांच्या जोडीला १० ऑगस्ट १९७९च्या उड्डाणाचा विश्लेषण-अहवाल स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवा. पानं पिवळी असली, टंकलेखन पुसट असलं, समासात कुणाच्या पेन्सिलीच्या खुणा असल्या तरी चालेल. खुणा पुसू नका.

आपला,
अग्निबाणांचा एक जुना मराठी वाचक