सईला, मिरजेहून

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

आजीचं ऑपरेशन नीट झालं. खुब्यात रॉड घातलाय. उद्या वॉकर धरून उभं करू म्हणालेत. शुद्धीवर आल्यावर तिने आधी चहा मागितला आणि मग विचारलं, पोरीची मॅच कधी आहे. गुरुवारी म्हणून सांगितलंय. गुरुवारीच ना?

तू माझ्याशी बोलत नाहीस असं आईकडून कळलं, म्हणून लिहितोय. रात्रीची वेळ आहे, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलोय, समोर डासांची अगरबत्ती. मराठी वाचायला तुला वेळ लागेल. लागू दे. दर रविवारी मराठी शाळेत सोडायला एवढं पेट्रोल जाळलंय, थोडं वसूल होईल. अडलं तर आईला विचार, पण सगळं पत्र तिच्याकडून वाचून घेऊ नकोस.

विमानतळावर जाताना गाडीत जे झालं ते मी उगाळणार नाही. एकच स्पष्ट करतो. शाळेत मुलींच्या सॉफ्टबॉलला मुलांच्या बेसबॉलइतक्या सोयी मिळत नाहीत, ही तक्रार करू नकोस असं मी म्हटलंच नाही. तिच्यावर तुझं नाव नको, एवढंच म्हटलं. त्यावर तू म्हणालीस, "बेसबॉलच्या भिंतीवरच्या विटेवर आपलं आडनाव चालतं, आणि ह्याच्यावर नाही?" मग टर्मिनल येईपर्यंत आपण तिघंही गप्प.

त्या विटेचं ऐक. दादा नववीत होता, आपण नुकतेच अमेरिकेत आलो होतो, तुला स्कूलबसची भीती वाटायची. बूस्टर क्लबने, म्हणजे शाळेच्या टीमसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या मंडळाने, होमप्लेटमागच्या भिंतीसाठी विटा विकायला काढल्या, ज्याची देणगी त्याचं नाव विटेवर. आईने नवीन सोफा पुढे ढकलला आणि आपण एक घेतली. शनिवार-शनिवार मी त्यांच्या स्नॅक शॅकमध्ये, मैदानावरच्या खाण्याच्या टपरीत, उभा राहिलो. संकष्टीलाही हॉट डॉग परतले, चिमट्याने, नाक बाजूला करून. त्या देशात मला नावाने हाक मारणारी पहिली माणसं तिथे भेटली. नाचोवर चीज ओतता ओतता त्यांनी मला दात कुठे दाखवायचे, टॅक्स कुणाकडून भरायचा, सगळं सांगितलं. तेव्हा त्या पैशाला कुणी वाईट म्हटलं की मला लागतं. आईबापांनी खिशातून दिलेला, गाड्या धुऊन जमवलेला पैसा आहे तो. आपल्याकडच्या शाळा, तालमी, वाचनालयं कशावर उभी राहिली? वर्गणीवरच. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरण्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या.

पण गाडीत तू जे टायटल नाइनचं, शाळेत मुलगा-मुलगी भेद नको म्हणणाऱ्या कायद्याचं, म्हणत होतीस ते मी इथे बसून वाचलं. वेळच वेळ आहे. देणगी द्यायला कुणालाच मनाई नाही. पण शाळेने ती घेतली, मुलांच्या मैदानाला दिवे लागले, स्कोअरबोर्ड लागला, की मुलींनाही त्या तोडीचं मिळेल हे बघायची जबाबदारी शाळेची. 'हे आम्ही केलं नाही, पालकांनी केलं' हे उत्तर चालत नाही. दोन्हीकडे डॉलरला डॉलर खर्च झाला पाहिजे असंही नाही. खेळणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते बघतात. फ्लोरिडातल्या मेरिट आयलंडच्या हायस्कूलमध्ये अगदी हेच झालं होतं, बेसबॉलला दिवे, बॅटिंग केज म्हणजे सरावाचा जाळीचा पिंजरा, प्रेस बॉक्स आणि सॉफ्टबॉलला काही नाही. शाळा मंडळाने बूस्टर क्लबकडे बोट दाखवलं. १९९७ मध्ये कोर्टाने ते मानलं नाही. मग मंडळाने काय सुचवलं माहितेय? पैसे नाहीत, तर मुलांचा स्कोअरबोर्ड बंद करू, त्यांचीही केज बंद करू. ह्यात सुधारणेपेक्षा सूड उगवल्यासारखं जास्त दिसतं, अशा अर्थाचं न्यायाधीशांनी लिहिलंय. वाचताना मला ती शॅकमधली माणसं दिसत होती. आपल्या पोरांच्या डोक्यावरचे दिवे मालवले तर ती कुणाकडे बघतील? ज्या मुलीचं नाव कागदावर असेल तिच्याकडे.

हे बघ, आलोच मी पुन्हा तिथे.

तुझं मैदान मला दिसत नाही असं समजू नकोस. प्रत्येक मॅचला घडीची खुर्ची घेऊन मी तारेच्या कुंपणाबाहेर बसतो, बसायला दुसरं काही नाहीच. फळीचा बाक म्हणजे डगआउट, वर छप्पर नाही. टॉयलेट म्हणजे पार्किंगमधली ती प्लास्टिकची खोली. तिसऱ्या बेसच्या मागे घुशीसारख्या गोफरची बिळं. मॅचच्या आधी तू बादलीतून माती आणतेस, बिळात ओततेस, बुटाच्या टाचेने दाबतेस, वर बाटलीतलं पाणी, पुन्हा टाच. मग पाय फिरवून बघतेस रुततोय का. तुझ्यासारख्याच दोघीतिघी पहिल्या बेसकडे तेच करत असतात. कुणी कुणाला सांगत नाही, आणि हे खेळाडूंचं काम नव्हे असं त्यांच्या मनातही येत नसावं. त्याच वेळी पलीकडून बेसबॉलच्या स्पीकरवर एकेका पोराचं नाव पुकारलं जात असतं. मागे एक मुलगी तिथेच पाय मुरगळून पडली. मग तू मापं घ्यायला लागलीस. वहीत रकाने आखलेस, डावीकडे त्यांचं, उजवीकडे तुमचं. ती वही मी बघितलीय. चांगली आखलीयस, माझ्या साइटवरच्या ज्युनिअरपेक्षा चांगली.

आता आत्याचं. तुला ती फक्त चकल्या करणारी आणि व्हॉट्सअॅपवर गुड मॉर्निंग पाठवणारी म्हणून माहीत आहे. शाळेत ती खो-खो खेळायची, आणि कशी खेळायची! पाठलाग करताना खांबाकडे अशी सूर मारायची की बघणारे उठून उभे राहायचे. पण मुलींच्या मैदानाचे खांब हलायचे. सरावाआधी त्या पोरी खांबाभोवती विटांचे तुकडे ठोकत बसायच्या. त्याच वर्षी गावातून वर्गणी झाली आणि मुलांच्या क्रिकेटला मॅटिंग आलं, पॅड आले, दोन बॅटी आल्या. वर्गणीत आमच्या आजोबांचेही पैसे होते. मुलींनी मुख्याध्यापकांना अर्ज दिला. अक्षर आत्याचं छान, म्हणून लिहिला तिने, आणि पहिली सहीही तिचीच. कुणी रागावलं नाही. फक्त एका संध्याकाळी गुरुजी घरी चहाला आले, आजोबांशी इकडचं तिकडचं बोलले आणि उठताना म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण आता दहावी जवळ आली. झालं. मी तेव्हा सहावीत, दाराआड उभा होतो. कपबशा उचलायला आत्याच आली होती.

काल ती डबा घेऊन आली तेव्हा तुझा विषय काढला. ती हसली. म्हणाली, "खांब आले रे पुढच्या वर्षी. चांगले सागवानी होते." आणि आजीला भात भरवायला लागली.

मी काय शिकवायला निघालो होतो ते राहिलंच. हां. आपल्या कॅलिफोर्नियातलीच एक केस आहे, चुला व्हिस्टाच्या कॅसल पार्क हायस्कूलची. तीही सॉफ्टबॉलचीच. पालकांनी, कोचने तक्रारी केल्या, आणि त्या लाडक्या कोचला काढून टाकलं. २००७ मध्ये मुलींनी दावा लावला, वरच्या कोर्टात शेवटचा निकाल लागला २०१४ मध्ये. जिंकल्या. तक्रारीपायीच कोचला घालवलं हेही कोर्टाने मान्य केलं. पण सात वर्षं, सई. तेवढ्यात तू कॉलेज संपवून नोकरीला लागलेली असशील आणि त्या मैदानावर दुसऱ्याच पोरी असतील. तुमच्या कोचबाईंना दोन लहान मुलं आहेत, त्यांचा विचार केलायस? अलाबामात बर्मिंगहॅमला रॉडरिक जॅक्सन म्हणून मुलींच्या बास्केटबॉलचे कोच होते. माझ्या मुलींना बरोबरीचं मिळत नाही एवढंच ते बोलले, तर कोचिंग गेलं. २००५ मध्ये सुप्रीम कोर्ट पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने बोललं, की तक्रार करणाऱ्यावर डूख धरणं हाही त्याच कायद्याचा भंग. पाच विरुद्ध चार! एक माणूस इकडचा तिकडे झाला असता तर?

तू म्हणशील, बाबा, कायदा आपल्या बाजूने आहे. आहेच. आठवीत तू ह्या कायद्यासाठी झटलेल्या हवाईच्या खासदार पॅट्सी मिंकवर प्रोजेक्ट केलास तेव्हा पोस्टरला गोंद मीच लावला होता. १९७२चा कायदा, इंग्रजीत अवघे ३७ शब्द. त्याआधी तीन लाखांहून कमी मुली हायस्कुलात खेळायच्या, २०१८-१९ मध्ये ३४ लाख, हे तू सगळ्या वर्गाला धडाधड म्हणून दाखवलंस. पण त्या मिंकबाईंच्याच हवाईमध्ये, कॅम्पबेल हायस्कूलच्या मुलींना २०१८ मध्ये कपडे बदलायला स्वतःची लॉकर रूम नव्हती म्हणून कोर्टात जावं लागलं. तक्रार केल्यावर वॉटर पोलोचा सीझनच रद्द करायची धमकी मिळाली असं त्या सांगत होत्या. समेट झाला २०२३ मध्ये. कायदा असतो. तो आपल्या दारात यायला मात्र कुणीतरी नाव द्यावं लागतं, आणि ते कुणीतरी माझी मुलगी असावी असं मला वाटत नाही. लिहून टाकलं एकदाचं.

आपलं तिथलं सगळंच कागदावर टेकलेलं आहे. एकवीस पूर्ण झाल्यावर दादाला माझ्या व्हिसावरून उतरून विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला, ते महिने तू पाहिलेयस. ग्रीनकार्डच्या रांगेत आपण अजून उभेच आहोत आणि तुझंही एकविसावं येणारच आहे. वकिलाला मी इथूनच फोन केला. शाळेच्या तक्रारीचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही म्हणाला, हसलाही. मला हसू आलं नाही. सरकारी कागदावर आपलं नाव जितकं कमी तितकं बरं, हे मी पंचवीस वर्षांचा असल्यापासून पाळत आलोय. शिवाय हे तुझं कॉलेजच्या अर्जांचं वर्ष. केमिस्ट्रीत बी मिळालाय. झोप होत नाही. फोन उशाशी. एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागलीस की जेवण विसरतेस, आणि मग...

बरं, पुरे. भाषण नको म्हणून पत्र लिहायला घेतलं होतं. माफ कर.

खरं सांगू का, ड्राइव्हवेवर ४३ फुटांवर खडूची रेघ मारून तू हात गरागरा फिरवत चेंडू टाकतेस आणि मी बादलीवर बसून तो झेलतो, तेव्हा पाच-सहा चेंडू झाले की माझा तळवा लाल होतो. मी बोलत नाही, तू अजून जोरात टाकायला लागशील म्हणून. इथे माधवनगर जवळच. सांगलीत रिक्षावाल्यापासून सगळे स्मृती मानधनाची गोष्ट आपल्या घरातल्यासारखी सांगतात, भावाचा खेळ बघत बघत ती कशी मैदानात उतरली ते. काल शेजारच्या पेशंटच्या मुलाने तिचं नाव काढलं, तर आजी पडल्यापडल्या म्हणाली, आमची पण आहे एक, अमेरिकेत असते. त्याने विचारलं, क्रिकेट का? आजी म्हणाली, त्याच्यासारखंच काहीतरी, पण चेंडू मोठा.

तर आता मी काय म्हणतो ते ऐक आणि लगेच चिडू नकोस. केंद्राच्या शिक्षण खात्यातल्या सिव्हिल राइट्स ऑफिसकडे तक्रार कुणीही करू शकतं, ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच करायला हवी असं नाही. मुदत १८० दिवसांची असते, म्हणजे मी येईपर्यंत काही बिघडत नाही. त्याआधी शाळांच्या डिस्ट्रिक्टचे टायटल नाइन कोऑर्डिनेटर असतात, प्रत्येक डिस्ट्रिक्टला तो माणूस नेमावाच लागतो. त्यांना पत्र देऊ, पालकांचं. पालक आठ-दहा तरी येतील. बेसबॉलवाल्यांपैकीही दोघांच्या धाकट्या मुली सॉफ्टबॉलला येणार आहेत, त्यांच्याशी मी शॅकमध्ये बोलतो, ती माझी माणसं आहेत. बूस्टर क्लबच्या बैठकीतही विषय काढेन, की पुढची देणगी दोन्ही मैदानांसाठी एका खात्यात जाऊ दे. पालकांच्या सह्यांमध्ये माझी असेल. पहिली नको. मधे कुठेतरी.

तुझी वही लागेल. दिव्यांचे खांब मोज, टॉयलेटपर्यंतचं अंतर टेप लावून घे, पावलांनी नको. बिळांचे फोटो काढताना शेजारी पट्टी ठेव. तारीख टाक. कोचबाईंना ह्यातलं काही लिहून पाठवू नकोस, त्यांना उत्तर द्यावं लागेल अशा जागी आणू नकोस.

आजीला जाग आलीय, सिस्टर बोलावतायत. आईला सांग, विम्याची फाइल कपाटातल्या खालच्या खणात आहे.

तुझा,
बाबा

ता. क. खांद्याला बर्फ लावत जा, आळस करू नकोस. आणि तो तक्रारीचा ईमेल अजून पाठवला नाहीस ना? पाठवला असशील तर तसं कळव, मी रागावणार नाही. पण नाव घातलंयस का तेवढं आधी सांग.