एका पेनीसाठी

जोहान्सबर्ग,
रविवार, रात्र

प्रिय मिल्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लावले. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. 'मंडेला सोडून काहीतरी सांग, साधी माणसं कशी जगली ते लिही,' असं तू म्हणाला होतास. माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं रे. मी राहतो सँडटनमध्ये, सगळ्या काचेच्या इमारती. हमरस्त्यापलीकडे अलेक्झांड्रा, काळ्यांची जुनी वस्ती. पत्र्याच्या खोल्या, दाटीवाटी, चुलींचा धूर. वर्षभर बाल्कनीतून नुसती बघितली. आज ऑफिसातला एक मित्र त्याच्या आजीकडे जेवायला घेऊन गेला. आजीला इथं 'गोगो' म्हणतात.

तिला म्हटलं, माझ्या जिवलग मित्राचे वडील एसटीत कंडक्टर होते. म्हातारी खळखळून हसली. 'बसवाले? मग त्यांचं नि आमचं जुनं भांडण आहे!'

भांडण १९५७ सालचं. तेव्हा गोगो आठेक वर्षांची. आई शहरात गोऱ्यांच्या घरी धुणंभांडी करायची. अलेक्झांड्रा ते शहर नऊ-दहा मैल. खाजगी कंपनीच्या बसचं भाडं चार पेन्स होतं, ते पाच केलं. एका पेनीनं काय होतं, असं तुला वाटेल. दादांना विचार, तिकीट पाच पैशांनी वाढलं की गाडीत काय व्हायचं! ७ जानेवारीला सकाळी बस आल्या, दारं उघडली आणि कुणी चढलंच नाही. 'अझिक्वेल्वा!' म्हणजे बसमध्ये चढायचं नाही. गोगोनं तो शब्द आजही मूठ वळून म्हणून दाखवला.

लोक चालत निघाले. जाऊन-येऊन रोज वीस मैल. पहाटे अंधारात निघायचं, रात्री अंधारात परतायचं, आणि इथला जानेवारी म्हणजे ऐन पावसाळा. रस्त्याला नाव लुई बोथाचं, देशाच्या पहिल्या पंतप्रधानाचं. ह्याच्याच सरकारनं १९१३ साली राखीव तुकडे सोडून बाकी देशात काळ्यांना जमीन घ्यायला बंदी केली. अलेक्झांड्रा त्याच्या एक वर्ष आधी वसलं म्हणून तिथं काळ्या माणसाच्या नावावर घर होऊ शकलं. शहरालगत अशी जागा फार थोडी. म्हणून तर ही गर्दी, आणि म्हणून नोकरी दहा मैल लांब.

पोलीस गप्प बसले नाहीत. चालणाऱ्यांना अडवून पास तपासायचे, सायकलींच्या चाकांतली हवा सोडायचे. काही गोरे मोटारवाले थांबून लोकांना गाडीत घ्यायचे, तर त्यांचीही लायसन्सं तपासत बसायचे. पास म्हणजे एक पुस्तक. सोळा वर्षांवरच्या काळ्या पुरुषाच्या खिशात ते हवंच. मालकाची सही नसली की तुरुंग. लोक त्याला 'डोमपास' म्हणायचे, मूर्ख पास. तोच बायकांच्या गळ्यात बांधायचं चाललं होतं. आदल्या ऑगस्टच्या ९ तारखेला वीस हजार बायका प्रिटोरियाला सरकारच्या दारात जाऊन अर्धा तास एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या. काहींच्या पाठीला मालकिणीचं गोरं पोर बांधलेलं!

गोगोला मात्र सगळ्यात लख्ख आठवतं ते घमेलं. आई रात्री यायची, बसायची आणि बोलायची नाही. गोगो घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घालून तिचे पाय त्यात ठेवायची. 'त्या तीन महिन्यांत मला आईचा चेहरा कमी आणि पाय जास्त दिसले,' म्हणाली. एप्रिलमध्ये निकाल लागला. माणसांनी चारच पेन्स द्यायचे, वरची पेनी सुरुवातीला व्यापाऱ्यांनी आणि नंतर कायदा करून मालकांनी भरायची. जिंकले रे. पण पास तसाच राहिला. तीन वर्षांनी त्याच पासविरुद्ध शार्पव्हिलला माणसं जमली, तर पोलिसांनी ६९ जण मारले.

आता जे लिहायचं टाळतोय, ते.

जेवताना गोगो सांगत होती, मालकीण आईला वेगळा पत्र्याचा मग द्यायची. तो घरात ठेवायचा नाही, मागच्या दारी. मग सहज विचारलं तिनं, 'तुमच्याकडे असलं काही नव्हतं ना?' आणि मिल्या, मी म्हणालो, 'होतं थोडंफार, पूर्वी, खेडोपाडी.' असं म्हणालो, जणू कुठंतरी वाचलंय. तिनं मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी पाप वाढलं. पाप म्हणजे इथली मक्याची घट्ट उकड. नावावरून हसू नकोस.

आमच्या आजोबांचं हॉटेल स्टँडसमोर होतं. बाहेरच्या खांबाला खिळा होता आणि खिळ्याला कप. तुझे आजोबा, तात्या, त्यातून चहा प्यायचे, स्वतः कप विसळायचे आणि परत खिळ्याला लावायचे. चहा वरून ओतायला कधीमधी मीच असायचो. सात-आठ वर्षांचा असेन. तू आणि मी चाळीस वर्षं एकमेकांच्या घरी जेवतोय, पण त्या खिळ्याविषयी एकदाही बोललो नाही. तू मला सांभाळून घेतलंस की मी तुला गप्प बसवलं, कोण जाणे.

पुढच्या महिन्यात गोगोनं परत बोलावलंय. या वेळी नीट सांगणार आहे. पण सगळं आठवून बघितलं आणि एका गोष्टीशी अडलो. खांब आठवतो, खिळा आठवतो, पण कप कशाचा होता ते आठवत नाही. जर्मनचा होता की कान तुटलेला चिनी मातीचा? तात्यांनी घरी सांगितलं असेल तर दादांना माहीत असेल. विचारावंसं वाटलं तर विचार.

वहिनींना नमस्कार. पोरीचा निकाल कळव.

तुझा,
सुध्या