सिस्टर, तुमच्या त्या दहा सेकंदांबद्दल

प्रिय सिस्टर,

येत्या बुधवारी लेकीची 43वी सुई. पहिल्या सुईला ती 9 वर्षांची होती, खाटेचा गज धरून किंचाळली होती. आता स्वतःच पालथी झोपते आणि ‘सिस्टर, सावकाश’ एवढंच म्हणते.

सुरुवात साध्या घसादुखीने झाली. चार दिवसांत घसा बरा झाला आणि आम्ही विसरलोही. तीनेक आठवड्यांनी गुडघा सुजला, दोन दिवसांनी घोटा, मग कोपर. आधी जिथे दाखवलं तिथे ‘वाढतं वय आहे, दुखायचंच’ म्हणून मलम दिलं. सांधे आपोआप उतरले, पण जिना चढताना पोरगी धापा टाकायला लागली. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाल्यावर कळलं, हृदयातली मायट्रल झडप गळतेय.

या आजाराला ‘रुमॅटिक’ हृदयरोग म्हणतात, तो म्हणजे काय, हे मला तुम्ही समजावलंत. घशातल्या स्ट्रेप जंतूंवर धावून गेलेले आपलेच पहारेकरी माणूस चुकतात आणि हृदयाच्या झडपेवर हात टाकतात. पुन्हा घसा धरला की पुन्हा मारामारी, आणि दर खेपेला झडप आणखी आखडते. म्हणून दर तीन आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलीन, निदान 21व्या वर्षापर्यंत. मी मनात हिशेब केला, दोनशेच्या वर सुया! माझा चेहरा पाहून तुम्ही म्हणालात, ‘बुधवारचं बघू.’

औषध दुधासारखं दाट, सुईत अडकणारं. तुम्ही भरलेली सिरिंज दोन्ही तळव्यांत फिरवत बसायचात, बाहेर रांग कितीही असो. टोचायच्या जागी अंगठा दाबून दहा आकडे मोजायचे, मग सुई, आणि औषध इतकं हळू की ती तुम्हाला शाळेतलं अख्खं भांडण सांगून मोकळी व्हायची. हे असं करायला तुम्हाला कुणी वेगळे पैसे देत नसणार.

एकदा परीक्षेत तारीख चुकली. पोर ठणठणीत होती, मीही म्हटलं, चार दिवसांनी काय बिघडतं. पाचव्या दिवशी तुमचा फोन. तेव्हा रागच आला होता, खोटं कशाला बोलू? पुढे युगांडातल्या अभ्यासाबद्दल वाचलं. कसलंही लक्षण नसलेली, फक्त इकोत दोष सापडलेली 818 मुलं. दोन वर्षांत सुई न घेणाऱ्यांपैकी 33 जणांचा आजार वाढला, घेणाऱ्यांपैकी फक्त 3 जणांचा. म्हणजे सुई ठणठणीत असतानाच घ्यायची असते. त्या फोनबद्दल आज माफी मागते.

औषध संपलं होतं तो महिनाही आठवतो. 1950च्या दशकापासूनचं स्वस्त औषध, बनवणारे मोजके, म्हणून गरीब देशांत ते मध्येच गायब होतं, आणि या आजाराची बहुतेक मुलं तिथलीच. जगात दरवर्षी 3 लाखांहून अधिक माणसं यात जातात, तरी कंपन्यांना रस नाही. याचा मला अजून संताप येतो. तुम्ही मात्र संतापात वेळ न घालवता सात ठिकाणी फोन लावलेत आणि आठव्या ठिकाणी दोन कुप्या मिळवल्यात. दुसरी कुणाच्या मुलासाठी होती, ते विचारायचं राहूनच गेलं.

परवा इको झाला. गळती आहे तेवढीच आहे, वाढलेली नाही. रिपोर्ट तुम्हाला दाखवायला तिने दप्तरात घालून ठेवलाय.

तुमची,
त्या ‘सावकाश’वालीची आई