ताई, माउसला हात न लावल्याबद्दल आभार

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही काम करता त्या संगणक कक्षाच्या तक्रारवहीत (आता ती ऑनलाइन आहे, पण माझ्या तोंडात ‘वही’च बसलंय) गेल्या तीन वर्षांत माझ्या नावावर ४१ तक्रारी आहेत. मोजल्या मी. प्रत्येकीपुढे ‘निराकरण झाले’ असा हिरवा शेरा आहे. शेरा पडला की तक्रार मिटते, पुढे काही लिहिता येत नाही. आभारांचा रकाना ठेवायचं कुणाला सुचलेलं नाही. शोधनिबंधाच्या शेवटी आम्ही मार्गदर्शकांचे, ग्रंथपालांचे, घरच्यांचे आभार मानतो. ज्या माणसामुळे तो निबंध पेन ड्राइव्हसोबत बुडाला नाही, त्याचा उल्लेख मी तरी कुठे वाचलेला नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. शिपायांपासून अधिष्ठात्यांपर्यंत सगळे तुम्हाला ताईच म्हणतात. मी वयाने वीसेक वर्षांनी मोठा, पण मीही तेच म्हणतो.

सुरुवात गुणांच्या त्या फाइलपासून करायला हवी. ११८ मुलांचे अंतर्गत गुण दुसऱ्या दिवशी पाचच्या आत परीक्षा विभागाला द्यायचे होते. नावं अकारविल्हे लावावीत म्हणून मी रात्री नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावायचं बटण दाबलं. एक्सेलने चौकट दाखवून विचारलं: निवड वाढवू, की आहे तेवढ्यावरच पुढे जाऊ? मला नावंच तर लावायची होती. मी अगदी विचारपूर्वक दुसरा पर्याय निवडला. नावं झकास क्रमाने लागली. गुण मात्र होते तिथेच राहिले. एक्सेलच्या लेखी शेजारचे रकाने एकमेकांचे कुणी लागत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फाइल सेव्ह केली, बंद केली, शांत झोपलो.

सकाळी पाहतो तर परीक्षेला न बसलेल्या मुलाला २० पैकी १८, आणि वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी गैरहजर.

मी लॅपटॉप उघडाच धरून तुमच्या कक्षात आलो ते दृश्य तुम्हाला आठवत असेल. मी बोलायची तयारी करून आलो होतो: फाइल आपोआप बिघडली, व्हायरस असावा, वगैरे. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. एकच विचारलंत, “सर, याआधी ही फाइल कुणाला मेल केली होती का?” चार दिवसांपूर्वी सहकाऱ्याला पाठवली होती. पाठवलेल्या मेलमध्ये ती जशीच्या तशी सापडली, १०३ मुलांच्या गुणांसकट. उरलेल्या १५ जणांचे गुण उत्तरपत्रिकांवरून पुन्हा भरायचे होते.

आणि मग तुम्ही ती गोष्ट केलीत, जिच्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधून माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिलात. मी माउस तुमच्याकडे सरकवला, तुम्ही तो घेतला नाहीत. “यादीत कुठेही क्लिक करा. आता कंट्रोल आणि टी.” यादीवर पट्टेपट्टे आले. तिचं टेबल झालं होतं. “आता नावं लावा.” मी भीत भीत लावली. या वेळी अख्खी ओळ हलली. गैरहजर मुलगा आपल्या गैरहजेरीसकट खाली सरकला. मला तेव्हा झालेला आनंद त्या वर्षीच्या कुठल्याही चर्चासत्रात झाला नव्हता.

त्याच बैठकीत तुमच्या लक्षात आलं की हजेरी क्रमांकांपुढची शून्यं गळाली आहेत आणि १६ अंकी नोंदणी क्रमांकांचा शेवटचा अंक सगळीकडे शून्य झालाय. मी तो छपाईचा दोष समजत होतो. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं, पुढच्या जागी शून्य ठेवतं, आणि हे घडल्यावर रकान्याचा प्रकार बदलून उपयोग नाही, गेलेला अंक गेलाच. आकडे भरायच्या आधी रकाना ‘टेक्स्ट’ करायला हवा. “सर, ज्याची बेरीज करायची नसते तो आकडा नाही, ते नाव आहे,” असं तुम्ही म्हणालात. हे वाक्य मी आमच्या कार्यालयात फळ्यावर लिहून ठेवलंय. लिपिकांनी त्याखाली फोन नंबर, पिन कोड, बँक खातं अशी भर घातली आहे.

मी फारच ओशाळलो होतो. त्यावर तुम्ही सांगितलंत की मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने २०२० साली काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल ‘मार्च१’सारख्या नावाची परस्पर तारीख करून टाकायचं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये करोनाच्या सुमारे १६ हजार रुग्णांची नोंद वेळेत पुढे गेली नाही, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. मोठमोठे लोक फसतात, हे सांगून तुम्ही माझी चूक लहान केली नाहीत. फक्त मला एकटं पडू दिलं नाहीत.

प्रशिक्षणं आम्हाला कमी मिळालेली नाहीत. सभागृह भरलेलं, पडद्यावर वक्त्याचा बाण चिमणीसारखा इकडून तिकडे उडतोय, “इथे क्लिक करा, मग इथे, सोपं आहे!” शेवटी प्रमाणपत्र. ‘सोपं आहे’ या शब्दांनी आम्हा वयस्कांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं व्हायरसने केलं नसेल. सोपं आहे म्हटल्यावर, जमलं नाही हे कबूल कसं करायचं? मग माणूस गप्प बसतो आणि छापून काढतो.

छापून काढण्यावरून ती दुसरी गोष्ट. आमच्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आली. मी तिला प्रेमाने नोट्सची पीडीएफ पाठवली. दोन दिवसांनी ती म्हणाली, “सर, फाइल रिकामी आहे.” मी उघडून पाहिली, ३२ पानं भरगच्च. तक्रार क्रमांक २७.

तुम्ही एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावलंत. मोफत आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, हेही सांगितलंत. मग मला डोळे मिटायला लावून फाइल उघडायला सांगितलीत. त्या आवाजाने फाइलचं नाव वाचलं. मग काहीच नाही. मी बाणाची कळ दाबत राहिलो, आणि माझी ३२ पानं मुकी.

“नोट्स तुम्हीच टाइप केल्या होत्या ना? मग त्यांचा फोटो का काढलात?” तुम्ही विचारलंत. मी काय करत होतो, तर वर्डमध्ये टाइप करून छापत होतो, छापलेलं स्कॅन करत होतो आणि त्याची पीडीएफ बनवत होतो. पीडीएफ स्कॅनरमधूनच निघते अशी माझी समजूत होती. वर्डमधूनच ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ निवडता येते हे कळलं तेव्हा गेल्या बारा वर्षांतले कागद डोळ्यांपुढून गेले. तशी पीडीएफ केली. आवाज बोलू लागला. तीन प्रकरणं नीट वाचली आणि चौथ्याला पोचल्यावर इंग्रजी अक्षरांचा अगम्य जप सुरू झाला.

ते प्रकरण मी फार पूर्वी जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं. तुम्ही मला ते शब्द निवडून त्यांचा फाँट बदलायला सांगितलात, आणि माझं मराठी माझ्याच डोळ्यांदेखत रोमन अक्षरांचा कचरा झालं. ते आत मराठी कधी नव्हतंच! संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं, वर देवनागरीचे मुखवटे. म्हणून शोधलं तर सापडत नसे, दुसऱ्याच्या संगणकावर उघडत नसे. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत, तिची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक मूळ अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि ‘क्ष’ हे जोडाक्षर म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक. इतकी वर्षं मी भाषेवर व्याख्यानं झोडत होतो आणि माझी स्वतःची टिपणं मुखवटा घालून बसली होती. युनिकोडमध्ये रूपांतर करून घेतलं, जोडाक्षरं हाताने तपासली. रफार सगळ्यात जास्त भरकटले होते.

शेवटचा धडा शीर्षकांचा. मी शीर्षक म्हणजे अक्षर मोठं आणि ठळक करायचो. बघणाऱ्याला ते शीर्षक दिसतं, ऐकणाऱ्याला ती नुसती आणखी एक ओळ. ‘हेडिंग’ ही शैली लावली की त्या विद्यार्थिनीला एच ही एकच कळ दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. आणि अनुक्रमणिका आपोआप तयार होते, हा आम्हा डोळसांना मिळालेला फायदा. माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलांनी आजवर अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक हाताने भरले आहेत, तेही माझ्या सांगण्यावरून. त्यांची जाहीर माफी इथेच मागून घेतो.

बाकीचं भराभर सांगतो. सगळ्या वर्गाला मेल करताना पत्ते ‘बीसीसी’त, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. आधी फाइल जोडायची, मग मजकूर, पत्ता सगळ्यात शेवटी, म्हणजे अर्धा मेल निसटत नाही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत सेटिंगमध्ये ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. माझ्या स्वभावाला तीही कमीच आहे. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे फाइली आपल्याआप ओळीत लागतात. विभागप्रमुखांच्या नावाने “आहात का? तातडीचं काम आहे” असा मेल आला, तेव्हा मी उत्तर टाइप करायला घेतलं होतं. नावावर न जाता त्यामागचा पत्ता उघडून बघा, आणि पैशांचा किंवा पासवर्डचा विषय निघाला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा, हे तुम्ही आठवडाभर आधीच सांगितलं होतंत. मी फोन केला. प्रमुख शेजारच्याच खोलीत होते आणि त्यांना काही तातडी नव्हती.

तुमचं सगळंच ऐकलं असं मात्र नाही. शॉर्टकटचा तक्ता तुम्ही दिलात, त्यातले चारच वापरतो: केलेलं मागे घ्यायला कंट्रोल झेड, मजकूर साधा चिकटवायला कंट्रोल-शिफ्ट-व्ही, चुकून मिटलेला टॅब परत आणायला कंट्रोल-शिफ्ट-टी, आणि खुर्चीतून उठताना संगणकाला कुलूप लावायला विंडोज-एल. उरलेले तरुणांसाठी. पासवर्ड लांब ठेवा, मोबाइलवरची दुसरी खातरजमा सुरू करा, हे केलं. दर महिन्याला पासवर्डच्या शेवटचा आकडा बदलायचा माझा उद्योग निरर्थक होता, हेही पटलं. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्येच कारणाशिवाय पासवर्ड बदलायला लावू नका असं म्हटलंय, हे ऐकून मला सूड उगवल्यासारखं वाटलं. पण सगळे पासवर्ड एका सॉफ्टवेअरच्या हवाली करायला मन अजून धजत नाही. वाद चालू ठेवू.

हात पाठीमागे का बांधता, हे एकदा विचारलं होतं. “मी केलं तर तुम्हाला झालेलं दिसतं, कसं झालं ते दिसत नाही,” एवढंच म्हणून तुम्ही पुढच्या तक्रारीकडे वळलात. मला ते तेव्हा शिक्षकाच्या तोंडी शोभणारं वाक्य वाटलं, आणि थोडी असूयाही वाटली. परवा शेजारच्या विभागातले सर प्रोजेक्टरवर काही दिसत नाही म्हणून आले. मी त्यांचा लॅपटॉप ओढून घेतला, विंडोज-पी दाबून ‘डुप्लिकेट’ केलं आणि ऐटीत परत दिला. दोन दिवसांनी ते पुन्हा आले. तेच विचारायला.

पुढच्या महिन्यात तुमची बदली दुसऱ्या विभागात होते आहे असं कळलं. तिथल्या लोकांनी आपापल्या तक्रारी तयार ठेवाव्यात. मी ४२वी आधीच लिहून ठेवली आहे. एकच पत्र प्रत्येकाच्या नावाने काढून देणाऱ्या मेल मर्जमध्ये सगळ्या पत्रांवर एकाच मुलाचं नाव येतंय. मी काय काय केलं, ते क्रमाने लिहिलंय.

आपला,
इतिहास विभागातला

ता. क. — एचडीएमआयचा तो छोटा ॲडॅप्टर तुम्ही ‘दोन तासांसाठी’ दिला होतात. तो गेल्या सत्रापासून माझ्या बॅगेत आहे. सोमवारी आणून देतो.