वागातोरच्या कामाआधी

फोंडा, 8 डिसेंबर

चि. ईशान यास अनेक आशीर्वाद.

वागातोरच्या पार्टीत संगीताबरोबर एलईडी भिंतीवर हलती चित्रं दाखवायचं तुझं काम पक्कं झालं आणि त्या भिंतीचं मोजमाप आलं असं आई म्हणाली. फोनवर सांगितलं की तू "हो पपा, हो पपा" म्हणतोस आणि ठेवल्याबरोबर विसरतोस, म्हणून लिहूनच पाठवतो. चित्रं कशी करायची ते तुला माझ्यापेक्षा कळतं. मी वायरी, वेळ आणि कागद एवढ्यांचंच सांगणार.

आधी भिंत. 6 मीटर बाय 3 मीटर, पी 3.9, म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर 3.9 मिलिमीटर. अर्ध्या मीटरच्या एका पॅनलमध्ये 128 बाय 128 पिक्सेल येतात. आडवी 12, उभी 6, म्हणजे 72 पॅनल. भिंतीचं खरं माप 1536 बाय 768. रेझोल्यूममध्ये, म्हणजे तू चित्रं चालवतोस त्या सॉफ्टवेअरमध्ये, कॉम्पोझिशन (चित्राची चौकट) नेमकं एवढंच ठेव. लॅपटॉपमधून 1920 बाय 1080 जाऊ दे, आणि एलईडीवाल्याला सांग की त्यातला वरच्या डाव्या कोपऱ्याचा 1536 बाय 768 तुकडा प्रोसेसरने (लॅपटॉपचं चित्र पॅनलांना वाटणाऱ्या त्याच्या डब्याने) एकास एक उचलायचा. तो म्हणेल, "पूर्ण स्क्रीन बसवून देतो ना." नको म्हण. 16:9 चं चित्र 2:1 मध्ये कोंबलं की माणसं बुटकी होतात आणि बारीक रेषा पुसट. टेस्ट पॅटर्नमध्ये एक मोठं वर्तुळ असू दे. ते अंड्यासारखं दिसलं की मोजमाप कुठेतरी चुकलंय. आणि एक पिक्सेलची रेषा काढू नकोस. तिथे एक पिक्सेल म्हणजे जवळपास 4 मिलिमीटर. निदान 3 पिक्सेल जाडी नसेल तर रेषा हलताना नुसती लुकलुकते.

प्रोसेसरच्या एका पोर्टमधून साधारण साडेसहा लाख पिक्सेल जातात. तुझ्या भिंतीत 11,79,648 आहेत, तेव्हा दोन पोर्ट लागणारच, 36-36 पॅनल वाटून. भिंतीचा एखादा भाग अचानक काळा पडला तर लॅपटॉपशी झटापट करत बसू नकोस. पॅनल एकातून दुसऱ्यात असे माळेत जोडलेले असतात. ओळीत पहिलं काळं पडलेलं पॅनल आणि त्याच्या आधीचं, या दोघांमधली केबल बघायला सांग. बहुतेक वेळा तीच सैल झालेली असते.

तुझ्या टेबलापासून स्टेज 35 मीटर. एवढ्या लांब साधी तांब्याची एचडीएमआय चालत नाही. 10-15 मीटरच्या पुढे चित्रावर ठिपके चमकायला लागतात, मग मध्येच सगळं काळं. एसडीआय ओढ, ती लांब अंतरासाठीचीच व्हिडिओ केबल. टेबलापाशी एचडीएमआयचं एसडीआय करणारा कन्व्हर्टर, पलीकडे प्रोसेसर एसडीआय घेत असेल तर थेट, नसेल तर दुसरा कन्व्हर्टर. तिसरा खिशात. हे छोटे डबे युएसबीवर चालतात आणि त्यांची पिन कुणाचा पाय लागला तरी निघते, म्हणून पॉवरची वायर डब्यालाच टेपने घट्ट बांध. लॅपटॉप चालू झाल्यावर समोरचा पडदा भलत्याच रिझोल्यूशनचा दिसला तर तो ईडीआयडीचा घोळ, म्हणजे पडदा आपलं माप लॅपटॉपला कळवतो त्या माहितीचा. छोटा ईडीआयडी एम्युलेटर मध्ये लावून ठेवलास की पलीकडे कुणीही काहीही बंद-चालू केलं तरी लॅपटॉपला 1920 बाय 1080 च दिसतं.

आता उजेडाचं. तू सगळ्यात जास्त चुकशील ते इथेच.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास मावळतो. उघड्यावरचं संगीत रात्री दहाला बंद. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दहा ते सकाळी सहा मनाई आहे, आणि किनारपट्टीवर आता ते डोळ्यांत तेल घालून बघतात. म्हणजे पुरता अंधार तुझ्या वाट्याला जेमतेम सव्वातीन तास. पार्टी पाचला सुरू होते म्हणून पाचलाच भारी चित्रं काढून बसलास तर ती उन्हात धुऊन जातील आणि आठ वाजता तुझ्यापाशी नवीन काही उरणार नाही. पाच ते साडेसहा मोठे आकार, दोन-तीन रंग, सावकाश हालचाल. काळ्यावरचं नाजूक काम सातनंतर.

आणि चारच्या टेस्टला ठेवलेली ब्राइटनेस तशीच ठेवू नकोस. उन्हात 80-90 टक्के लागते. तेवढीच साडेसातला राहिली तर पुढच्या रांगेतला माणूस भिंतीकडे पाठ करून नाचतो, डीजे नुसता काळा ठिपका दिसतो, आणि तुझे गडद रंग राखाडी होतात. सूर्य गेला की दर दहा मिनिटांनी खाली आणत सातपर्यंत 25-30 वर यायचं. हे काम प्रोसेसरवर करायला लाव. रेझोल्यूमचा मास्टर (एकूण उजेडाची पट्टी) खाली ओढून केलंस तर आठ बिटांतल्या उजेडाच्या वरच्या पायऱ्या वाया जातात आणि सावल्यांत पट्टे दिसतात. एलईडीवाला त्या वेळी चहाला गेलेला असतो, तेव्हा त्याचा नंबर आधीच घेऊन ठेव.

यात विजेचंही आहे. पूर्ण पांढऱ्यावर अशी भिंत चौरस मीटरला साधारण 600-700 वॉट खाते; 18 चौरस मीटरला 11-12 किलोवॉट. काळ्यावरून एका झटक्यात पूर्ण पांढरं केलंस की जनरेटरवर एवढा भार एकदम येतो. साउंड त्याच जनरेटरवर असेल तर अ‍ॅम्पही दचकतात, आणि मग साउंडवाला तुझ्याकडे बघतो. भिंतीला वेगळी फेज माग, पांढरा 100 टक्क्यांचा ठेवू नकोस, आणि लॅपटॉप व कन्व्हर्टर छोट्या यूपीएसवर.

लूपचं, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या क्लिपचं, गणित तुला येतं, तरी एकदा तपास. 128 बीपीएमला (मिनिटाला 128 ठोके) 16 ठोके म्हणजे साडेसात सेकंद, सेकंदाला 30 फ्रेमच्या हिशेबाने 225 फ्रेम. वागातोरला शेवटचा तास 145 च्या घरात जाईल. तिथे 16 ठोके 6.6 सेकंदांत संपतात. क्लिप बीपीएमला बांधलेली असेल तर ती आपोआप पळते, पण माणसाची चाल असलेली क्लिप तेवढी पळवली की विनोदी दिसते. तसल्या क्लिप मोकळ्या सोड. व्हिडिओची फाइल डीएक्सव्ही किंवा हॅप या प्रकारातच कर. एच 264 या नेहमीच्या प्रकारात बहुतेक फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवर उभ्या असतात, म्हणून उलटी चालवली किंवा मध्येच उडी मारली की लॅपटॉप मागे जाऊन सगळं पुन्हा उलगडत बसतो आणि चित्र अडखळतं. हॅपमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि ती ग्राफिक्स कार्ड उलगडतं. बदल्यात जागा खाते: 1080 ची एक फ्रेम 1 एमबीपर्यंत, म्हणजे मिनिटाला 1.8 जीबीपर्यंत. तेव्हा एसएसडीच. फिरणारी हार्ड डिस्क सबवूफरजवळ ठेवणं म्हणजे तिला मारणंच.

चित्रं ठोक्यावर हलवायला आवाज लॅपटॉपच्या माइकवरून घेऊ नकोस, तो गर्दीच्या गप्पांवर नाचतो. साउंडवाल्याकडून लाइन माग, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लाव, नाहीतर अर्थिंगच्या फेऱ्यामुळे त्याच्या स्पीकरात घुं येईल आणि तो तुझी वायर उपटेल. खालचा भाग, 40 ते 120 हर्ट्झ, चित्रातल्या एकाच गोष्टीला जोड. सगळंच उसळायला लागलं की काहीच उसळत नाही. उसळलेली गोष्ट खाली पडतानाचा वेग सावकाश ठेव, 300 मिलिसेकंदांच्या आसपास.

टेबलावर हेडफोन लावून पाहताना चित्र ठोक्याच्या मागे वाटलं तर लगेच दुरुस्त करू नकोस. लॅपटॉप, कन्व्हर्टर, प्रोसेसर मिळून 3-4 फ्रेम जातात, सेकंदाला 60 फ्रेमच्या हिशेबाने 50-65 मिलिसेकंद. आवाजालाही 20 मीटर यायला 58 लागतात. म्हणजे मधल्या गर्दीला दोन्ही एकदमच पोचतात. उशीर कळतो तो स्पीकरला चिकटून उभ्या असलेल्यांना. निर्णय तिथे 20 मीटरवर स्वतः उभं राहून घे, हेडफोनवर नको.

पिंगुळीचे चित्रकथी आठव. कागदावरचं एक चित्र समोर धरून ते गात राहतात, गोष्ट पुढे सरकली की मगच दुसरं. तू चार सेकंदांना क्लिप बदलतोस. एक चित्र 32 ठोके टिकवून बघ, बदल रंगात किंवा वेगात कर. तीन तासांना 60-70 चांगल्या क्लिप पुरतात. 400 असल्या की माणूस फक्त शोधत राहतो.

स्ट्रोब, म्हणजे झपझप लुकलुकणारा उजेड, सेकंदाला तीनच्या वर नाही, आणि लाल तर नाहीच. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये एका कार्टूनमध्ये लाल-निळा सेकंदाला सुमारे 12 वेळा लुकलुकला आणि सहाशेहून जास्त लोकांना, बहुतेक मुलांना, इस्पितळात न्यावं लागलं. लाइटवाल्याशी आधी बोलून घे, त्याचा स्ट्रोब चालू असेल तेव्हा तुझा बंद.

पुढच्या महिन्याच्या मोरजीच्या कामाबद्दल एकच: तिथे कासवं अंडी घालायला येतात आणि पिल्लं जिकडे उजळ दिसेल तिकडे चालतात. भिंत किंवा प्रोजेक्टर समुद्राच्या बाजूला तोंड करून नको. आयोजकाने तशी जागा दाखवली तर काम सोड.

कागदाचं. ते तुझ्याकडून लूप बनवून घेत आहेत. कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमानुसार पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो, उलट करार नसेल तर. म्हणून एक ओळ लिहून घे: लूप तुझे, त्यांना फक्त त्या रात्रीचा वापर. निम्मी रक्कम आगाऊ, आणि चार वाजताच्या टेस्टला भिंत उभी नसेल तर जबाबदारी तुझी नाही हेही त्यात. तोंडी ठरलेलं तिथे कुणाला आठवत नाही.

एसीतून प्रोजेक्टर किंवा कॅमेरा थेट बाहेर काढू नकोस, काचेवर दव बसतं. बॅगेत बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर राहू दे. दहानंतर आवरताना कन्व्हर्टर मोज, तीन. एसडीआय केबलची बीएनसी टोकं कोरड्या फडक्याने पूस, खारं वारं लागलेलं असतं, आणि सिलिका जेलच्या पिशव्या बॅगेत आहेत का बघ. आईने त्या खारे काजू ठेवायच्या डब्यात घातल्यात, रविवारी येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
पपा